‘इल्युमिनाटीची मेंबरशिप सुरू’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

एक लांबलचक फॉरवर्ड सध्या सगळ्या फॅमिली ग्रुप्सवर फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. फ्रीमेसन (बंधुभावाच्या नावाखाली जमणाऱ्या सभासदांची एक जुनी संघटना) म्हणजेच इल्युमिनाटी (गुपचूप जग चालवते म्हणतात ती मंडळी), ते सैतानाला पूजतात, त्यांच्या अल्बर्ट पाइक नावाच्या पुढाऱ्याने 1871 सालीच तिन्ही महायुद्धं ठरवून ठेवली होती, डॉलरवरचा डोळा त्यांचाच, आणि इंटरनेटमुळे ही जुनी संघटना आता इतकी वाढतेय की लवकरच सगळं जग त्यांच्या मुठीत जाणार, असं त्यात आहे. आणि सगळ्यात खाली ‘भारतात मेंबरशिप सुरू’ म्हणून एक व्हॉट्सॲप नंबर. माझ्या भाच्याने त्या नंबरवर मेसेज केला म्हणून हे लिहितेय, नाहीतर एरवी मी असली फॉरवर्ड्स उघडतही नाही.

आधी त्या नंबरचंच बोलू, कारण खरं नुकसान तिथे आहे. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्लेसमेंट नाही, घरात रोज त्यावरून बोलणी. त्याने नुसतं ‘हाय’ पाठवलं तर पलीकडून लगेच ‘वेलकम ब्रदर’, डीपीला त्रिकोणातला डोळा, आणि एक गुगल फॉर्म. मी तो फॉर्म पाहिला. पूर्ण नाव, वडिलांचं उत्पन्न, आधारकार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि ‘तुला काय हवंय’ म्हणून पर्याय: पैसा, प्रसिद्धी, परदेशात नोकरी, शत्रूपासून संरक्षण. फॉर्म भरला की क्यूआर कोड, त्याखाली ‘रजिस्ट्रेशन फी, रिफंडेबल’. स्कॅन केलं तर कुठल्यातरी भलत्याच माणसाचं नाव येतं. पोराने फीसाठी आईकडे पैसे मागितले म्हणून कळलं, स्वतःच्या खात्यात असते तर गेलेच होते.

आता जरा डोकं वापरू. इल्युमिनाटी नावाची संघटना खरंच होती, बव्हेरियातल्या इंगोलश्टाट गावच्या ॲडम वाइसहाउप्ट नावाच्या प्रोफेसरने 1 मे 1776 ला काढली, आणि 1785 पर्यंत तिथल्या शासकाने बंदी घालून तिचा खेळ संपवलासुद्धा. म्हणजे जेमतेम नऊ वर्षं. तिची ‘भारतीय शाखा’ आज यूपीआयवर फी घेतेय हे कुणालाही पटावं कसं? फ्रीमेसन मात्र अजून आहेत, आणि लपून अजिबात नाहीत. मुंबईत फोर्टात त्यांचा फ्रीमेसन्स हॉल आहे, ज्याला हवा त्याला पत्ता सापडतो. त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात, आणि अशा लॉजेसची इथली मुख्य संस्था, ग्रँड लॉज ऑफ इंडिया, 24 नोव्हेंबर 1961 ला स्थापन झाली, त्यांची वेबसाइट आहे, पदाधिकाऱ्यांची नावं जाहीर असतात. तिथे सभासद व्हायला आपण स्वतः विचारावं लागतं, मग चौकशी, प्रत्यक्ष भेट, लॉजमधल्या सभासदांचं मतदान, यात सहज काही महिने जातात. वर्गणी तेही घेतात, ते खरंय, पण श्रीमंत करून देतो असं म्हणत नाहीत. जगभरातल्या कितीतरी ग्रँड लॉजेसनी आपल्या नावाने चालणाऱ्या या ऑनलाइन ठगांबद्दल इशारे दिलेत. बिचाऱ्यांचं नाव बदनाम होतंय ते वेगळंच.

सैतानाचं घ्या. मेसन व्हायचं तर ईश्वरावर विश्वास असणं ही पहिली अट आहे, कुठल्याही धर्माचा असो. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब आणि झेंद अवेस्ता हे पाचही ग्रंथ मान्य आहेत आणि शपथ आपापल्या ग्रंथावर घेतात. विवेकानंद संन्यास घेण्याआधी, नरेंद्रनाथ असताना, 1884 मध्ये कलकत्त्याच्या अँकर अँड होप लॉजमध्ये दाखल झाले होते. आपल्याकडे 1843 साली मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज निघालं ते जेम्स बर्न्स नावाच्या ब्रिटिश मेसनने खास भारतीयांसाठी काढलं, कारण माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना गोऱ्यांच्या लॉजने दार उघडलं नव्हतं आणि त्यांना पॅरिसला जाऊन मेसन व्हावं लागलं होतं. हे लोक सैतानपूजा करायला जमत होते काय?

मग हे सैतान प्रकरण आलं कुठून? याचं उत्तर इतकं स्पष्ट आहे की सव्वाशे वर्षांनंतरही लोक तेच चघळतात याचा मला मनापासून संताप येतो. फ्रान्समध्ये लिओ तॅक्सिल हे टोपणनाव घेणारा एक लेखक होता, आधी चर्चविरुद्ध लिहायचा. 1885 मध्ये त्याने जाहीर केलं की मी सुधारलो, चर्चमध्ये परत आलो, आणि पुढची बारा वर्षं मेसन लोकांच्या सैतानपूजेची ‘आतली माहिती’ म्हणून पुस्तकामागून पुस्तक छापलं. त्यात पंखवाल्या मगरीचं रूप घेतलेला सैतान बैठकीत येऊन पियानो वाजवतो, असलासुद्धा प्रसंग आहे आणि लोकांनी तो खरा मानला. पोपसुद्धा त्याला भेटले. डायना वॉन नावाची सैतानाच्या तावडीतून सुटलेली बाई त्याने उभी केली, तिच्यासाठी लोक प्रार्थना करायला लागले. शेवटी 19 एप्रिल 1897 ला पॅरिसच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या हॉलमध्ये डायना वॉन प्रत्यक्ष दिसणार म्हणून माणसं जमली आणि तॅक्सिलने भर सभेत सांगून टाकलं की हे सगळं मी रचलेलं होतं, आणि प्रसिद्धी केल्याबद्दल पाद्र्यांचे आभारही मानले. फॉरवर्डमधलं ‘ल्युसिफर हाच देव’ हे पाइकच्या नावावरचं वाक्य याच कारखान्यातलं. रचणाऱ्याने स्वतः कबूल केलंय, अजून काय पुरावा पाहिजे?

तीन महायुद्धांचं पत्रही त्याच माळेतलं. पाइकने 15 ऑगस्ट 1871 ला इटलीच्या मॅझिनीला लिहिलं म्हणे, आणि ते ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलंय म्हणे. असं पत्र तिथे नाही. शिवाय त्या पत्रात नाझीवाद आणि झिओनिझम (ज्यूंच्या स्वतंत्र देशाची चळवळ) हे शब्द आहेत, 1871 मध्ये यातला एकही शब्द अस्तित्वात नव्हता.

डॉलरवरचा डोळा 1782 च्या अमेरिकन राजमुद्रेतला आहे, आणि ईश्वराची नजर म्हणून तो ख्रिस्ती चित्रांत त्याच्या कितीतरी आधीपासून काढत. तो नोटेवर 1935 मध्ये आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेसन होते, एवढं मात्र खरं.

आता ‘इंटरनेटमुळे वाढतायत’. अहो, उलट आहे. अमेरिकेत 1959 मध्ये 41 लाखांवर मेसन होते, आता दहा लाखांच्याही खाली आलेत. आणि ही उतरण साठच्या दशकात सुरू झाली, तेव्हा इंटरनेट कुठे होतं? म्हणजे ‘इंटरनेटने यांना संपवलं’ असं जे दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात तेही चूक. त्यांची गुपितं फुटायला तर गुगलची गरजच नव्हती, 1730 मध्येच लंडनला सगळे विधी छापून विकले होते. लोकांना महिन्यातली एक संध्याकाळ सूट घालून, पाठांतर करून, त्याच त्या माणसांबरोबर जेवायला द्यायची नाहीये, हे खरं दुखणं आहे, आणि ते आपल्याकडच्या वाचनालयांना आणि भजनी मंडळांनाही आहे. कोविडमध्ये मार्च 2020 पासून इंग्लंडच्या लॉजेसनी बैठका थांबवल्या, झूमवर गप्पा मारल्या पण दीक्षा काही झूमवर दिली नाही, कारण माणूस समोर असल्याशिवाय तो विधी होतच नाही असं ते मानतात. मला वाटतं ते टिकले तर याच हट्टामुळे टिकतील, थोडे राहतील पण राहतील. इंटरनेटवर जोरात वाढतंय ते त्यांचं खोटं रूप, आणि त्याला खतपाणी असली फॉरवर्ड्सच घालतायत. ‘हे जग चालवतात’ हे आधी मनात ठसवलं की ‘मग मलाही आत घ्या’ म्हणणारं पोर आपोआप तयार होतं.

फॉरवर्डमध्ये मेसन लोकांच्या हातून गुन्हे झालेत असंही आहे, ते सगळंच खोटं नाही. इटलीत 1981 मध्ये पी-टू लॉजची यादी पोलिसांना सापडली, त्यात मंत्री, सेनाधिकारी, पत्रकार सगळे निघाले, सरकार पडलं. त्या लॉजची मान्यता 1976 लाच काढली होती, पण बंद दाराआड ओळखी वाढल्या की असं होऊ शकतं. भारतातली ही लॉजेस आजही बायकांना घेत नाहीत, ते मला मुळीच मान्य नाही. टीका करायची तर यावर करा ना, मगरीवर कशाला?

कुणी पैसे भरले असतील तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त, आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. चॅट डिलीट करू नका. आधारचे फोटो दिले असतील तर यूआयडीएआयच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. आणि पोरांना ओरडू नका, भाच्याने सांगितलं ते त्याच्या आईने आरडाओरडा केला नाही म्हणून.