अहो ते विषारी फुलपाखरू नाहीये, फॉरवर्ड थांबवा आता

बोरिवलीच्या ग्रुप्सवर फोटो फिरतोय ना, "सापाच्या तोंडाचं विषारी फुलपाखरू, चावलं तर संपलात", तर बाबांनो तो अ‍ॅटलास पतंग आहे, पावसाळ्यात नॅशनल पार्काच्या बाजूने लाइटकडे येतो. आणि चावणार कशाने? त्याला खायला धड तोंडच नसतं, सुरवंट असताना जे चरलं त्याच्यावर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढतो, जोडीदार शोधला की खेळ खल्लास. पंख पसरून 24 सेंटीमीटरच्या आसपास, टोकाला सापाचं डोकं दिसतं ती नुसती नक्षी. आमच्या जिन्यात बसलेला तेव्हा जवळून बघितला, पंखांत त्रिकोणी पारदर्शक खिडक्या, पलीकडचा पिवळट डिस्टेंपर चक्क दिसत होता! शेजारच्या काकू झाडू घेऊन आल्याच होत्या. मारू नका, जिन्यातला लाइट बंद करा, जाईल तो.