दहा मिनिटं इंजिन चालवून गंज थांबत नाही

सध्या एक सल्ला फिरतोय, की गोव्याच्या पावसाळ्यात छोटं पिस्टन इंजिनचं विमान उभं ठेवायचं असेल तर आठवड्याला दहा मिनिटं जागेवरच इंजिन चालवा, नाहीतर पंखा (प्रोपेलर) हाताने चार फेरे फिरवा, ऑइल पसरतं आणि सिलिंडर गंजत नाहीत. कृपया असं करू नका, याने इंजिन लवकर खराब होतं.

दहा मिनिटांचं आधी बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून जाते पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या मधल्या पेटीत, उतरतेच, आणि ती उडून जायला ऑइल नीट तापावं लागतं, जे जमिनीवर दहा मिनिटांत होत नाही. अशी इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतः सांगते, ३० दिवसांत एकदा तरी सलग एक तास चालवा, ऑइल ७४ ते ९३ डिग्री सेल्सिअस ठेवून, म्हणजे उडवूनच. "सिलिंडरचं हेड (वरचं टोक) तापलं होतं की" म्हणतात, पण हेड लवकर तापतं, ऑइल मागे राहतं. इंजिन गार झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, पाण्याचे थेंब आणि दुधाळ चिकटा दिसतो, तेच पाणी आतल्या लोखंडावरही बसलेलं असतं.

पंखा फिरवणं तर त्याहून वाईट. सिलिंडरच्या भिंतीला ऑइल मिळतं ते क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा) जोरात फिरताना उडणाऱ्या शिंतोड्यांतून, हाताने फिरवल्यावर शिंतोडे कुठले, उलट रिंगा भिंतीवर उरलेलं ऑइल पुसून नेतात. शिवाय प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोची अर्थिंगची वायर सुटलेली असली तर स्विच बंद असूनही इंजिन पेटू शकतं, आणि समोर माणूस उभा असतो!

"आमचे सिलिंडर क्रोमचे आहेत." बरं, भिंत वाचेल, पण व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला कुठे क्रोम असतं? लायकमिंगच्या नेहमीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकच्या वर, ऑइल निथळलं की तो उघडा पडतो. गंजाचा बारीक खड्डा पडला की कॅम आणि त्यावर टेकणारे टॅपेट सोलवटायला लागतात, मग कधीतरी फिल्टर कापून उलगडला की कागदाच्या घड्यांत चकाकणारे कण सापडतात आणि इंजिन उघडावंच लागतं.

दाबोळी काय न् मोपा काय, जून ते सप्टेंबर हवा दमट आणि खारी. उडवणं जमणारच नसेल तर इंजिन नीट प्रिझर्व्ह करून घ्या, प्रिझर्वेटिव्ह ऑइल भरायचं, सिलिंडरमध्येही फवारायचं, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलचे प्लग, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (क्रँककेसची हवा जायची नळी) बंद, पंख्यावर 'फिरवू नका' अशी पाटी. आणि ते निळं जेल अधूनमधून बघा, गुलाबी झालं की लगेच बदला.