लिम्फोसाइट ६२ टक्के, तरी वाढलेल्या नाहीत

ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या वाचकाचा आक्षेप थोडक्यात असा: 'विषाणूंशी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी लढतात असं तुम्ही लिहिता. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला डेंग्यू झालाय, लिम्फोसाइट ६२ टक्के, आणि डॉक्टर म्हणतात पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. अर्धवट लिहून लोकांना गोंधळात टाकू नका. शिवाय बेसोफिल शून्य आलंय. अँटिबायोटिक द्यायचं का?'

साहेब, तुम्ही टक्के वाचलेत, डॉक्टरांनी वरची, एकूण पांढऱ्या पेशींची ओळ. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात तिथे २६०० आहे. मोठ्या माणसात साधारण ४००० ते ११००० असतात. २६००चे ६२ टक्के म्हणजे १६१२. लिम्फोसाइट हजार ते चार हजार चालतात, म्हणजे वाढ कुठेच नाही. आता न्यूट्रोफिल, म्हणजे मुख्यतः जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बघा: २८ टक्के, म्हणजे ७२८. निदान १५०० हव्या होत्या. घसरण तिथे आहे, त्यामुळे लिम्फोसाइटचा वाटा नुसता फुगलेला दिसतो. डेंग्यूत अस्थिमज्जेचं (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं) काम काही दिवस मंदावतं आणि न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात. पुरवठा आटला की लगेच कळतं.

'लढतात तर वाढत का नाहीत?' कारण शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी रक्तात सापडतात त्या जेमतेम दोन टक्के. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, आतड्याचं अस्तर अशा ठिकाणी असतात. बी पेशी प्रतिपिंडं तयार करतात, टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात, ते बहुतेक तिकडेच. सुईने काढलेल्या रक्तात त्याचा पत्ता लागत नाही. ताप उतरता उतरता रक्तातही त्या वाढू शकतात, काही मोठ्या, वेगळ्या दिसतात. पुढच्या रिपोर्टात 'अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट' आलं तर घाबरू नका. (पांढऱ्या पेशींना 'शरीराचे सैनिक' म्हणणं मी टाळतो ते याचसाठी. सैनिक म्हटलं की जास्त तितकं चांगलं, असं वाटू लागतं.)

मोनोसाइटची गंमत वेगळीच. जंतू गिळणं हे यांचं काम, आणि डेंग्यूचा विषाणू यांच्यातच शिरून वाढतो. इओसिनोफिलचा संबंध मुख्यतः जंत आणि अ‍ॅलर्जीशी. बेसोफिल शून्य निरोगी माणसातही येतं, सोडून द्या.

अँटिबायोटिक डेंग्यूच्या विषाणूवर चालत नाही. न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेल्या आणि ताप असला तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय डॉक्टरांचा. आणि ताप उतरला की सुटलो असं समजू नका: पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.