खुलासा: ‘एलईडी’ टीव्हीतही एलसीडीच असतो

लातूर-नांदेडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एलसीडी जुना झाला, एलईडीचा पडदाच वेगळा, आणि क्यूएलईडी म्हणजे ओएलईडीच.’ यातलं एकही विधान बरोबर नाही.

दुकानात ‘एलईडी’ म्हणून मिळणाऱ्या टीव्हीचा पडदा एलसीडीचाच असतो. जुन्या एलसीडीत मागून उजेड द्यायला बारीक ट्यूबलाइटी असायच्या, आता एलईडी दिवे असतात. फरक एवढाच. क्यूएलईडीसुद्धा एलसीडीच, रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर त्यात जास्तीचा. ओएलईडी मात्र खरोखर निराळा. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतोही, म्हणून काळा रंग अगदी काळा दिसतो. पण एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिलं, तर पडद्यावर त्याचा डाग उमटू शकतो. दिवसभर बातम्यांची पट्टी चालणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावं.

आपल्याकडे उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या, बैठकीत भरपूर उजेड. तिथे चांगल्या उजेडाचा एलसीडी मला जास्त सोयीचा वाटतो. एलसीडी पडद्याचे (पॅनेलचे) आयपीएस आणि व्हीए असे मुख्य दोन प्रकार मिळतात. माणसं बाजूला बसून बघत असतील तर आयपीएस पॅनेल विचारा. व्हीएमध्ये काळा रंग गडद, पण बाजूने रंग फिका पडतो.

आणि ‘एचडी रेडी’ म्हणजे फुल एचडी नव्हे. फुल एचडीत १९२० × १०८० ठिपके असतात, एचडी रेडीत बहुधा १३६६ × ७६८. पैसे मोजण्याआधी खोक्यावरचा आकडा वाचा.