तोंडाला फेस न येता

न्यू जर्सीहून भाचा येतो तेव्हा त्याच्या बॅगेत बदाम असतात, चॉकलेटं असतात आणि एक अशी वस्तू असते की जिच्यावाचून आपलं आजवर काहीही अडलेलं नसतं. मागच्या खेपेला सफरचंदाच्या एकसारख्या आठ फोडी करणारं चक्र आलं होतं. आमच्याकडे सफरचंद फक्त आजारी माणसाला भेटायला जाताना विकत घेतात, त्यामुळे ते चक्र माळ्यावर गेलं. या खेपेला माझ्या वाट्याला एक ट्यूब आली.

"मामा, ब्रशलेस शेव्हिंग क्रीम. ब्रश नको, फेस नको. बोटाने लावायचं आणि सुरू करायचं."

"आणि वाचलेल्या वेळात काय करायचं?"

मी हे आपलं सहज विचारलं होतं. पण भाचा तिकडे डेटाचं काहीतरी करतो. त्याने लगेच हिशेब मांडला. फेसाला रोज पाच मिनिटं, वर्षाला तीनशे दाढ्या, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून आजवर तेहतीस वर्षं. एकूण ८२५ तास. "म्हणजे मामा, आयुष्यातले ३४ दिवस तू नुसता गालावर ब्रश फिरवत उभा होतास!"

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे ३४ दिवस ती बरीच वर्षं शोधत होती.

आमच्या घरात फेसाची गादी मूळची नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वय ८१. टपाल खात्यातून निवृत्त होऊन तेवीस वर्षं झाली, तरी दाढी रोज सकाळी सहा पंचवीसला. गॅलरीत खिळ्याला टांगलेला आरसा, कठड्यावर कान तुटलेला कप, कपात साबणाची गोल वडी, शेजारी गरम पाण्याचं भांडं आणि तुरटीचा खडा. ब्रशचे निम्मेच केस उरले आहेत. नानांचेही तेवढेच उरलेत, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी जमतं. ब्रश भिजवायचा, झटकायचा, वडीवर गोल गोल घुमवायचा आणि मग गालावर आणायचा. फेस इतका दाट, की आतून आई "अहो, दूध ठेवलंय, जरा बघता का?" म्हणाली तरी फेसामागून नुसतं "हंऽ" एवढंच येतं. दूध उतू जातं. पण त्यात नानांचा दोष काढता येत नाही, त्यांच्या तोंडाला फेस असतो.

असो. दुसऱ्या दिवशी मी ट्यूब घेऊन उभा राहिलो. भाच्याने 'ब्रशविना' म्हटलं होतं, मी ते 'पाण्याविना' असं ऐकलं. कोरड्या गालावर बोटभर क्रीम थापलं आणि रेझर ओढला. बिनपाण्याने हजामत होणं म्हणजे काय, हे नोकरीत मी वेळोवेळी अनुभवलं होतं. पण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गालावर आणि तेही पगार न घेता, हा पहिलाच प्रसंग. खुंट जागचे हलेनात. रेझरच्या तीन पात्यांमध्ये क्रीम आणि केस यांचा गिलावा बसला. गार पाण्याच्या नळाखाली धरला तर तो आणखीच घट्ट झाला. शेवटी जुना टूथब्रश आणून रेझर घासत बसलो. बिनब्रशच्या दाढीला ब्रश लागलाच, फक्त दातांचा.

त्याहून मोठी अडचण म्हणजे कुठली जमीन नांगरून झाली आहे आणि कुठली पडीक आहे, हेच कळेना. फेस असला की काम सोपं असतं. जिथे पांढरं आहे तिथे जायचं, जिथे नाही तिथून निघायचं. हे क्रीम गालावर चोळलं की दिसेनासं होतं. मी अंदाजाने हाकत राहिलो. कंठमण्यावर एक आणि हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं, तिथे वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून ऑफिसला गेलो. लिफ्टमध्ये एका सहकाऱ्याने माझं तोंड निरखून विचारलं, "दाढी ठेवताय का? की फक्त डावीकडे?"

त्या दिवसापासून माझी दाढी सार्वजनिक झाली. माणसाचं बँकेतलं कर्ज, मुलाचे मार्क आणि गुडघेदुखीचं औषध या तीन विषयांवर आपल्याकडे कोणीही मत देतं हे मला ठाऊक होतं. दाढीचं क्रीम हा चौथा विषय निघाला. हा सहकारी ब्रशचा कट्टर विरोधक. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या सैनिकांना दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाला होता, घोड्याचे केस नीट निर्जंतुक न करता ब्रशला वापरले होते, ही माहिती त्याने मला जेवणाच्या सुट्टीत, माझ्या डब्यातल्या पडवळाच्या भाजीकडे बघत दिली. माहिती खरी आहे. पण ती ऐकून मी घरी आल्यावर ब्रशची डबी उलटी करून बघितली. तिच्यावर रानडुकराचे केस असं छापलेलं आढळलं आणि मी ते मूर्खासारखं मोठ्याने वाचलं. आईचं देवघर बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. तेव्हापासून माझा ब्रश खिडकीच्या बाहेरच्या कोनाड्यात राहतो. नानांचा मात्र कपातच आहे. त्यावर काय छापलं होतं ते कधीच पुसलं गेलंय आणि आईनेही विचारलेलं नाही.

नानांनी ट्यूब हातात घेतली, टोपण उघडून वास घेतला आणि निकाल दिला. "हा स्नो आहे."

"नाना, शेव्हिंग क्रीम आहे."

"तुझी आजी अफगाण स्नो लावायची. असाच. लावला की गायब. स्नो लावून कोणी दाढी करतं का?"

मी मनातल्या मनात हसलो. नंतर सवयीने वाचत बसलो तेव्हा हसू गेलं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा पोटॅशशी संयोग होऊन साबण बनतो आणि म्हणून फेस येतो. ब्रशलेसमध्ये त्या आम्लातलं थोडंसंच साबण होतं, बाकीचं तसंच राहतं, वर तेल आणि पाणी. फेस नाही, नुसता बुळबुळीतपणा. आणि चेहऱ्यावर लावताच नाहीसा होणाऱ्या स्नोची घडणही जवळपास हीच. म्हणजे नानांनी नुसत्या नाकाने रसायनशास्त्राचा पेपर सोडवला होता. त्यांना हे सांगितलं नाही. आधीच ते कमी बोलून जिंकतात.

नाक्यावरच्या सलूनवाल्या काकांना विचारलं. ते गिऱ्हाइकाच्या गालावर दुसऱ्यांदा फेस चढवत होते. "साहेब, क्रीम चांगलंच असणार. पण फेस नसेल तर गिऱ्हाईक पैसे देत नाही." मग थोडं थांबून, वस्तऱ्यात अर्धं ब्लेड सरकवत म्हणाले, "वस्तरा फिरायला दोन मिनिटं. बाकी सगळा फेस." मला वाटतं, या विषयावर सगळ्यात प्रामाणिक मत हेच मिळालं. इंजिनीअरिंगला असलेल्या चिरंजीवांनी स्वतःची दाढी कुरवाळत "बाबा, ट्रिमर घ्या ना" एवढंच म्हणून विषय संपवला. त्याच्या पिढीला खुंट ही फॅशन आहे. आमच्या वेळी खुंट दिसले की लोक विचारायचे, "घरी कोणी गेलं का?"

रात्री जेवताना भाच्याने अमेरिकेची बाजू मांडली. तिकडे हे प्रकरण शंभर वर्षांचं आहे. १९१९ साली इंडियानापोलिसमध्ये फ्रँक शील्ड्स नावाच्या माजी प्राध्यापकाने बार्बासॉल काढलं, ते असंच बिनब्रशचं. मग १९२५ मध्ये मिनेसोटात बर्मा-शेव्ह आलं. त्यांनी हायवेच्या कडेला थोड्या थोड्या अंतरावर छोट्या लाल पाट्या ठोकल्या. प्रत्येक पाटीवर कवितेचा एकेक तुकडा. गाडी पुढे जाईल तशी कविता पुरी व्हायची आणि शेवटच्या पाटीवर क्रीमचं नाव यायचं. १९६३ पर्यंत हे चालू होतं.

नाना भात कालवायचे थांबले. "काय म्हणालास? बर्मा?"

"हो आजोबा. त्यांच्या आधीच्या एका मलमात तिकडची तेलं होती म्हणे, त्यावरून नाव."

"बर्मात मंडालेला लोकमान्यांना ठेवलं होतं. १९०८ साली शिक्षा झाली. सहा वर्षं." नानांनी माझ्याकडे पाहिलं. "सहा वर्षं काढली त्यांनी तिथे. आणि तुला पाच मिनिटं जड होतात."

याला उत्तर नसतं. टिळकांचा आणि दाढीच्या क्रीमचा संबंध काय असं विचारायची आमच्या घरात सोय नाही. वर नाना म्हणाले, "आणि पाट्यांचं म्हणशील तर आपल्याकडे घाटात एकच पुरते. अति घाई, संकटात नेई." हे म्हणताना ते माझ्या कंठमण्यावरच्या कपट्याकडे बघत होते.

पण मी हट्टी आहे. भाचा परत जायच्या आधी त्याच्याकडून रीतसर शिकून घेतलं. केस मऊ करतं ते पाणी, क्रीम नव्हे. दाढीचा केस कोरडा असताना तारेसारखा असतो, दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मुरलं की नरमतो. फेसाचं काम ते पाणी गालावर धरून ठेवण्याचं. क्रीमचं कामही तेच, फक्त गाजावाजा न करता. तेव्हा आधी आंघोळ, मग ओल्याच गालावर वाटाण्याएवढं क्रीम, पातळ थर, आणि रेझर दर दोन फराट्यांनी गरम पाण्यात. नकाशाची अडचण उरलीच, ती मी डाव्या हाताच्या बोटांनी चाचपडत सोडवली.

आणि खरं सांगतो, काय दाढी झाली! गाल ताणल्यासारखा नाही, आग नाही, तुरटी लावली तर ती झोंबायला जागा शोधत फिरली. जानेवारीतली थंडी, एरवी दाढीनंतर माझा चेहरा भेगाळलेल्या शेतासारखा होतो, तो लोण्यासारखा राहिला. वेळ सव्वाचार मिनिटं. मी ब्रशविरोधी पक्षात जाहीर प्रवेश करायच्या बेतात होतो.

तेवढ्यात बायको बाथरूमच्या दाराशी आली. "अहो, गॅसवाला आलाय, ओटीपी सांगा."

मी सवयीने हात वर केला आणि "हंऽ" म्हटलं.

"हं काय? तोंडाला काही लावलेलं नाहीये तुमच्या. सांगा ना."

मी आरशात पाहिलं. खरंच, काही नव्हतं. म्हणजे क्रीम होतं, पण ते मलाही दिसत नव्हतं, तर तिला काय दिसणार! मी ओटीपी सांगितला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कामवाल्या ताईंच्या पगारवाढीवर माझं मत घेण्यात आलं. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन थेट माझ्या कानाला लावला गेला. त्याला त्याच्या मुलाच्या मुंजीसाठी हॉल कुठला घ्यावा ते ठरवायचं होतं, आणि तो ठरवताना दुसऱ्याला बोलू देत नाही, पण ऐकायला लावतो. चौथ्या दिवशी मी अर्ध्या दाढीनिशी दार उघडून कुरिअर घेतलं, सही केली आणि त्या पोराला काही वेगळं वाटलंसुद्धा नाही. तेहतीस वर्षांत माझ्याकडून सकाळी पावणेसात ते सात या वेळात कोणी निर्णय मागितला नव्हता. आता आठवड्याभरात मी पंखा दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा, काकूंच्या पंचाहत्तरीला साडी द्यायची की पाकीट, आणि खालच्या मजल्यावरच्या गळतीला आम्ही जबाबदार आहोत का, एवढ्यांचा निकाल लावला. तिन्ही चुकीचे निघाले. भाच्याने वाचवून दिलेली पाच मिनिटं घरातल्यांनी आपसांत वाटून घेतली होती.

तरीही मी क्रीम सोडलं नाही. गालाला सवय झाली होती.

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता बेल वाजली. बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी. बगलेत फाइल. आमच्या सोसायटीचं खजिनदारपद तीन महिने रिकामं आहे, आणि रिकाम्या पदासाठी फाइल बगलेत मारून फिरणारा सेक्रेटरी कसा चालतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी दारापर्यंत न जाताच वळलो याचं नवल वाटणार नाही. दाढी माझी सातलाच झाली होती. चेहरा आरशासारखा. मी खिडकीबाहेरच्या कोनाड्यातून माझा ब्रश काढला आणि नानांच्या कपाच्या शोधात गॅलरीत गेलो.

गॅलरीत नाना होते. सकाळी सहा पंचवीसला दाढी केलेले नाना, आता दहा वाजता आरशासमोर उभे राहून, कानापासून कानापर्यंत फेस चढवत होते. बाहेरून सेक्रेटरींचा आवाज आला, "नाना नसतील तर चिरंजीव चालतील."

"हंऽ," नाना फेसामागून म्हणाले. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं, आणि एक पाऊल बाजूला सरकून कप माझ्यापुढे केला.