‘पोरांना संशोधन झेपत नाही’ या फॉरवर्डला उत्तर

कासवांचा हंगाम आला की कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. ‘आठवी-नववीच्या पोरांना संशोधन सांगू नका, आकडे झेपत नाहीत. मेलेल्या कासवाचे फोटो दाखवा. उत्तरं ठाम द्या, शंका दाखवलीत तर विश्वास उडेल. तसंही ही पोरं मुंबईलाच जाणार.’ हेतू चांगला असेल, पण यातलं एकही विधान मला पटत नाही.

आकडे झेपत नाहीत? तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगणारी पोरं किनाऱ्यावरच्या घराघरांत आहेत. घरट्यातली वाळू तापलेली असली की माद्या जास्त निपजतात, थंड असली की नर, एवढं सांगून त्यांच्या हाती थर्मामीटर द्या. सावलीतली आणि उन्हातली वाळू ती स्वतः मोजतील. ‘फ्रंटिअर्स फॉर यंग माइंड्स’ या नियतकालिकात तर 2013 पासून शास्त्रज्ञांचे लेख 8 ते 15 वर्षांची मुलं तपासतात.

मेलेल्या कासवाच्या फोटोचा मला फार राग येतो. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील समुद्रावर जातात. फोटो बघून त्या मुलाला एवढंच कळतं, की गुन्हेगार आपल्या घरात आहे. त्याऐवजी त्याला हे सांगा, की कासवासारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि जाळं कापून सोडला, तर 2018 च्या अखेरीपासून महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तो ही माहिती संध्याकाळी घरी नेईल, आणि ती तिथे कामाला येईल.

आता शंकेचं. 2021 मध्ये ओडिशात ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासवाच्या मादीच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायाला 03233 क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. जानेवारी 2025 मध्ये तीच मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी, असं बरेच जण धरून चालले होते. त्याआधी 2023 मध्ये गुहागरला उपग्रह टॅग (उपग्रहावरून माग काढायचं यंत्र) लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होतीच. पण 03233 कोणत्या वाटेने आली? तिच्या अंगावर उपग्रह टॅग नव्हता, त्यामुळे तिची वाट कुणालाच माहीत नाही. श्रीलंकेला वळसा घालून, की रामेश्वरजवळच्या अरुंद पाण्यातून? हा प्रश्न नकाशासकट वर्गासमोर ठेवा. चौदा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी ‘अजून कळलेलं नाही’ असं खरं सांगितलं, तर त्याचा विश्वास उडत नाही, उलट तो वादात उतरतो. आपण जे ठाम सांगितलं ते उद्या खोटं ठरलं, तर मात्र तो पुन्हा ऐकणार नाही.

राहिली मुंबई. जातील, काही जण जातीलच. पण गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचीच नावं लागणार आहेत. किनाऱ्यालगत काय बांधायचं आणि दिवे कुठे लावायचे, हे उद्या तीच ठरवणार.