चळवळ पाठ करून येत नाही

दहावीच्या राज्यशास्त्रात 'सामाजिक व राजकीय चळवळी' असं एक प्रकरण आहे. आदिवासी, शेतकरी, कामगार, स्त्रिया, पर्यावरण, ग्राहक, सगळ्यांच्या चळवळी मोजक्या पानांत. मुलं ती पाठ करतात, पेपरात उतरवतात. आणि त्याच वर्गात कुणी उभं राहून "बाई, मला हे पटत नाही" म्हणालं, की आपण म्हणतो, "बस खाली, विषय वाढवू नकोस." याची मला चीड येते.

हक्कासाठी उभं राहणं शिकावं लागतं. त्याचा सराव करावा लागतो, आणि पहिला सराव वर्गातल्या बोलण्यातच होतो. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, हे आपण अभिमानाने सांगतो. ती शांतता आदराची आहे की धाकाची, हे एकदा मुलांनाच विचारून बघा.

जेम्स लॉसन हे नाव किती जणांना माहीत आहे? हा अमेरिकन तरुण १९५३ ते १९५६ या काळात आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. गांधीजींचा सत्याग्रह त्याने इथे राहून अभ्यासला. परत गेल्यावर नॅशव्हिल शहरात त्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची शिबिरं घेतली. तिथल्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्या माणसाला बसू देत नसत. शिबिरात मुलं दोन गटांत विभागायची. एक गट काउंटरवर बसल्यासारखा बसायचा. दुसरा त्यांना शिव्या द्यायचा, खुर्ची ओढायचा, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. बसलेल्यांनी हात उचलायचा नाही, उलटून बोलायचं नाही. अशी महिनोन् महिने तालीम झाली आणि मग फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुलं खरोखर जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात ते काउंटर सर्वांसाठी खुले झाले. आपण मुलांना फक्त निकाल सांगतो. ही तालीम सांगत नाही.

सोलापूरच्या शिक्षकाला तर यासाठी लांब जायचीही गरज नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. स्वातंत्र्यलढ्यातले हे सोलापूरचे चार हुतात्मे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. आपली मुलं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात, चार हुतात्मा चौकातून रोज रिक्षाने येतात. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ होता, तिरंगा घेऊन रस्त्यावर निघणं गुन्हा होता, हे त्यांना माहीत असतं. पण मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, जमावाने पोलिसांना मारलं होतं ना? मग हे हुतात्मे कसे?" वर्गात एकदम कुजबुज. एकजण ओरडला, "गप रे, देशद्रोही!"

या प्रश्नावर मुलाला गप्प करणारा शिक्षक इतिहास शिकवतच नाही. आम्ही दोन तास त्याच प्रश्नावर घालवले. पोलिसांचा गोळीबार, त्यानंतर खवळलेला जमाव, चौकीची जाळपोळ, मेलेले शिपाई, हे सगळं फळ्यावर लिहिलं. धनशेट्टींनी त्या गर्दीत जमावाला आवरून कलेक्टरला वाचवलं असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात, तेही लिहिलं. जमावाने केलेल्या कृत्यासाठी माणसं निवडून फाशी देणं म्हणजे न्याय का, हा प्रश्न मुलांनीच काढला. "देशद्रोही" म्हणणाऱ्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की त्याच्या प्रश्नाला उत्तर दे, त्याला नाव ठेवू नकोस.

माझ्या वर्गात एक नियम आहे. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने "हो, मी असंच म्हणालो" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऐकायला सोपा वाटतो, पण मोठ्यांनाही जमत नाही. टीव्हीवरच्या चर्चा बघा.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. घरोघरी बायका विड्या वळतात. तंबाखूबंदीवर चर्चा सुरू होती. एक मुलगा तावातावाने म्हणाला, "विडी कारखाने बंदच करा, लोक कॅन्सरने मरतात." मागच्या बाकावरची मुलगी उठली. आधी नियमाप्रमाणे त्याचं म्हणणं तिने नीट सांगितलं, त्याने मान डोलावली. मग ती म्हणाली, "माझी आई हजार विड्यांवर पैसे घेते. छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, की तेवढे पैसे गेले. तिला रात्री खोकला येतो, ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण कारखाना बंद झाला तर सोमवारी आमच्या घरी काय शिजणार, ते सांग." मुलाकडे उत्तर नव्हतं. त्याने मत बदललं नाही, बदलायची गरजही नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तो विचारत आला, "बाई, विडी कामगारांना दुसरं काम द्यायची काही योजना असते का?" चळवळीचा विचार नेमका इथून सुरू होतो.

पालक म्हणतात, शाळेत राजकारण नको. पक्षाचं राजकारण मलाही नको. मी कुणाला मत देते हे माझ्या मुलांना ठाऊक नाही आणि होणारही नाही. पण संविधानाचं कलम १७ शिकवायचं आणि आपल्या गल्लीतली अस्पृश्यता दिसू द्यायची नाही, हे मला जमणार नाही. आणि आदराने बोलणं म्हणजे काहीही खपवून घेणं नव्हे. कुणाच्या जातीवर, धर्मावर, आईवडिलांच्या कामावर आलेली शिवी हे 'मत' नाही. तिथे मी चर्चा थांबवते, कारण ज्याच्यावर ती शिवी पडते त्याचं बोलणंच तिने बंद होतं.

केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहायची, फक्त धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी हा निकाल दरवर्षी वर्गात मांडते आणि दरवर्षी अर्धा वर्ग न्यायालयाशी असहमत असतो. असू दे. कारणं द्या, म्हणते.

आता या वर्षीचं सांगते. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं, हे आपल्याला सांगायला नको. नववीच्या मुलांनी त्यावर निवेदन लिहायला घेतलं. "अधिकारी झोपले आहेत" हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर जोरदार वाद झाला. शेवटी ते काढलं आणि त्या जागी आपापल्या गल्लीत पाणी आल्याच्या तारखा आणि वेळा टाकल्या, कारण त्या कुणाला नाकारता येत नाहीत. निवेदन दिलं, पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. स्मरणपत्र द्यायचं, माहितीचा अधिकार वापरायचा की पालकांना घेऊन जायचं, यावर सोमवारी तिसऱ्या तासाला चर्चा आहे. आपल्या शाळेत कुणी असं काही करत असेल तर खाली जरूर लिहा, मला मुलांना वाचून दाखवायचं आहे.